पोटातली पंधरा मिनिटं

अमुक शहर किती लांब आहे असं मिनिटकाकांना विचारलं, की ते आधी उलट विचारत, "जायचंय की यायचंय?" विचारणारा हसायचा. अंतर ते अंतर, त्यात जाणं काय नि येणं काय? काका मात्र हसत नसत. जमिनीवरच्या माणसाला वाटतं, रस्ता दोन्हीकडून सारखाच असतो. वर तसं नसतं. वर वारा असतो. जाताना पाठीला हात लावून ढकलणारा वारा येताना छातीवर हात ठेवतो, आणि तेच दोन विमानतळ एकदा पावणेदोन तासांवर असतात नि एकदा दोन तासांच्याही पलीकडे. हे ज्ञान काकांनी विमानं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या मागच्या खोलीत बत्तीस वर्षं बसून मिळवलं होतं. स्वतः ते जन्मात चार वेळा विमानात बसले आणि चारही वेळा त्यांना मळमळलं.

त्या खोलीला खिडकी नव्हती. तीन टेबलं, भिंतीवर दोन घड्याळं आणि कपाटावर पृथ्वीचा एक जुना गोल, ज्यावर काका नव्या माणसाला दोरा ताणून दाखवत. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर खोटं, गोलावर ताणलेला दोरा खरा, हा त्यांचा पहिला धडा. विमान निघण्याआधी किती अंतर, कुठला वारा, किती इंधन आणि किती वेळ, हे सगळं या खोलीतून कागदावर जायचं. आता ते यंत्र करतं. पण यंत्राने काढलेला वेळ काका आधी मनात काढून ठेवत आणि यंत्राचा आकडा जुळला की मान डोलवत, जणू यंत्रच परीक्षेला बसलं होतं. "जरा थांब" असं ते कधी म्हणाले नाहीत. "चार मिनिटं थांब" म्हणत, आणि ती चारच असत. नाव पडायला एवढं पुष्कळ झालं.

पण या चोख माणसाच्या कामात एक लबाडी होती, आणि ती त्यांनी स्वतःच रुजवलेली होती.

नोकरीच्या पाचव्या वर्षी त्यांनी एका बड्या गिऱ्हाइकाला अगदी खरा वेळ सांगितला होता. समोरचा वारा वाढला, विमान नऊ मिनिटं उशिरा उतरलं आणि त्या गिऱ्हाइकाचं पुढचं विमान डोळ्यांदेखत निघून गेलं. मॅनेजरने काकांना सगळ्यांसमोर उभं करून तक्रारीचं पत्र मोठ्याने वाचायला लावलं. वाचताना त्यांचा आवाज दोनदा गेला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; काका त्यानंतर जन्मभर फुंकत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीतून दोन कागद निघू लागले. एक वैमानिकाचा, त्यात खरा वेळ. दुसरा गिऱ्हाइकाचा, त्यात पंधरा मिनिटं जास्त. ही पंधरा मिनिटं कुणाला सांगायची नाहीत, पोटात ठेवायची. गिऱ्हाईक लवकर पोहोचतं, खूश होतं, आणि लवकर पोहोचलेल्या माणसाने आजवर कुणाची तक्रार केलेली नाही. वर्षभरात तक्रारी थांबल्या. मॅनेजरने तो नियमच करून टाकला. पुढे खोलीत जो कोणी आला त्याला काकांनी आधी गोलावरचा दोरा शिकवला आणि मग पोटातली मिनिटं. त्यांची सगळ्यात पक्की शिष्या म्हणजे एक डावखुरी बाई. अकरा वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला पट्टीही धरता येत नव्हती. आता काका रजेवर गेले की खोली तीच चालवायची. तिला ते बजावून सांगत, "गिऱ्हाइकाने कितीही खोदलं तरी पोटातलं बाहेर काढायचं नाही. काढलं, की मग ते पोटात राहत नाही."

आणि या वर्षी काकांच्या रजा फार वाढल्या होत्या.

घरात मुलगी एकच. वय तेवीस, लहान मुलांना पोहायला शिकवायची, आवाज एवढा की तलावाच्या या टोकावरून हाक मारली की त्या टोकाचं पोर पाण्याखाली दचकावं. आधीच्या वर्षाच्या शेवटी तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना हृदय ढिलं करून गेला. आधी जिना चढवेना, मग चालवेना, मग उशीवर उशी रचून बसल्याशिवाय झोपवेना. पाच महिने ती हृदयाच्या वॉर्डात होती, हाताला पंप जोडलेला. आता दुसरं हृदय मिळालं तरच. तिने त्याचीही थट्टा करून ठेवली होती. "बाबा, माझं इंजिन बदलायचंय, आणि ते येणार तुमच्याच विमानातून. वेळेवर आणा म्हणजे झालं." काका हसत, आणि पाणी आणायचं निमित्त करून बाहेर जात.

कचेरीत त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. "घरचं दुखणं आहे" एवढंच. कीव केलेली त्यांना खपत नसे. कीव करणारा माणूस कामात हात घालतो, असं त्यांचं म्हणणं. मुलगी कुठल्या वॉर्डात आहे, कशाची वाट पाहते आहे, हे डावखुरीलाही ठाऊक नव्हतं. जमतं ते सगळं काका पोटात ठेवत आले होते, तसंच हेही.

त्या दिवशी सकाळी पावणेदहाला वॉर्डाचा समन्वयक आला. एरवी तो दारातून डोकावून जायचा, त्या दिवशी आत आला आणि खुर्चीवर बसला. बसला तेव्हाच काकूंनी साडीचा पदर मुठीत धरला. तो म्हणाला की हृदय मिळण्यासारखं आहे, रक्तगट जुळतो, आकार जुळतो. पण ते दुसऱ्या शहरात आहे. इथून डॉक्टरांना विमानाने जाऊन आणावं लागेल. होकार की नकार हे अर्ध्या तासात कळवायचं, कारण रांगेत मागे इतर पेशंट आहेत. विमान कंपनीकडून वेळ मागवला आहे.

काकांनी शहर विचारलं. त्याने सांगितलं आणि काका उभेच राहिले.

ते अंतर त्यांना पाठ होतं. तेराशे तेहतीस किलोमीटर. हृदय येताना वारा समोरचा, आणि सकाळी सहाला त्यांनी सवयीने वाऱ्याचे आकडे फोनवर पाहिलेच होते. दोन तास पाच मिनिटं. हृदय शरीरातून बाहेर काढल्यापासून दुसऱ्या शरीरात धडधडू लागेपर्यंत चार तास मिळतात, हे गेल्या पाच महिन्यांत त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. तिथल्या इस्पितळातून विमानतळ पंचवीस मिनिटं. विमान दोन तास पाच. इथल्या विमानतळावरून इस्पितळ वीस मिनिटं. शिवायला एक तास. तीन तास पन्नास. समन्वयक लिफ्टपर्यंत पोहोचायच्या आत त्यांची बेरीज झाली होती.

"बसतं," ते बायकोला म्हणाले. "दहा मिनिटं राखून बसतं."

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हा माणूस आकड्याबाबत कधी चुकला नाही, एवढं त्या संसारात शिकल्या होत्या. त्या आत गेल्या आणि लेकीला सांगून मोकळ्या झाल्या. नर्सनेही उत्साहाच्या भरात तिचं अंग पुसून घेतलं, केसांची घट्ट वेणी घातली, नखांवरचा रंग काढला. मुलगी म्हणाली, "आई, मला भूक लागल्यासारखं वाटतंय," आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा ते खोटं नव्हतं.

काका बाहेर बाकावर बसले. त्यांनी कचेरीत फोन केला नाही. मनात आलं होतं. डावखुरीच कामावर असणार, तिला एकदा विचारावं. पण आपण रजेवर, त्यात पेशंट आपलीच मुलगी. अशा वेळी फोन करणं म्हणजे कामात नाक खुपसणं. आयुष्यभर दुसऱ्यांनी खुपसलेली नाकं त्यांनी बाहेर काढली होती, आता स्वतःचं कसं खुपसणार? शिवाय फोन करायची गरजच काय, आकडा तर त्यांना माहीत होता. ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बावीस मिनिटं. त्या बावीस मिनिटांत ते सुखी होते, हे सांगायलाच हवं, कारण पुढे त्यांनी स्वतःला त्याच बावीस मिनिटांची माफी कधी दिली नाही.

समन्वयक परत आला तो जिन्याने आला. लिफ्टची वाट पाहायची नसली की लोक जिन्याने येतात, आणि तोंड दाखवायचं नसलं तरीही. तो म्हणाला की जमत नाहीये. एकूण चार तास पाच मिनिटं होतात. सर्जनबाई चारच्या वर जात नाहीत; दुसरा पेशंट असता तर पाच मिनिटं रेटून नेली असती, पण हिच्या फुप्फुसांवर आधीच ताण आहे, उशिरा आलेल्या हृदयाला तो झेपणार नाही. त्यांनी नकार कळवला आहे.

काकांनी विचारलं, विमानाचे किती धरले?

"दोन तास वीस. कंपनीचाच कागद आहे."

दोन वीस. दोन पाच आणि पंधरा. आकडा कुणी लिहिला, कुठल्या टेबलावर, कुठल्या हाताने, हे काकांना डोळ्यांपुढे दिसलं. इस्पितळ म्हणजे गिऱ्हाईक. डावखुरीने गिऱ्हाइकाला गिऱ्हाइकाचा कागद दिला होता. अकरा वर्षं जसा देत आली तसाच, आपल्या गुरूने शिकवल्याप्रमाणे.

ते धावले. पासष्टीला आलेला, गुडघे दुखणारा माणूस तीन जिने धावत उतरला आणि सर्जनबाईंच्या खोलीत न विचारता शिरला. बाई कसलासा अहवाल वाचत होत्या. काकांनी सांगितलं की तो कागद खोटा आहे. विमानाला दोन पाचच लागतात, हृदय तीन पन्नासमध्ये पोहोचतं, तुम्ही परत फोन करा.

बाईंनी कागद पुढे सरकवला. त्यांचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. त्या म्हणाल्या की प्रत्येक बाप या खोलीत येऊन मला पाच मिनिटं कमी करून देतो. एकाने तर गाडी स्वतः चालवतो म्हणून सांगितलं होतं. मी बापाच्या आकड्यावर छाती उघडू शकत नाही, मला कागद लागतो.

"हा कागद मीच लिहायला शिकवलाय," काका म्हणाले. "यात पंधरा मिनिटं जास्तीची असतात. आम्ही पोटात ठेवतो. बत्तीस वर्षं त्याच खोलीत काम करतोय मी."

बाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे तुम्ही इस्पितळालाही खोटा वेळ देता?"

इस्पितळ वेगळं धरावं, हे काकांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या कागदावर हृदयं येतात, मूत्रपिंडं येतात, हे त्यांना माहीत होतं. पण कागदाच्या या टोकाला बसून तो वाचायची वेळ कधी आली नव्हती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. इथे जळत होतं त्यांचंच, आणि काडीही त्यांचीच होती.

त्यांनी कचेरीचा नंबर लावला. लागेना, डावखुरी दुसऱ्या कुणाशी बोलत होती. पुन्हा लावला. दोनदा चुकीचा आकडा दाबला गेला, तोही अशा माणसाकडून ज्याच्या हातून बत्तीस वर्षांत आकडा चुकला नव्हता. चौथ्या वेळेला लागला तेव्हा बाईंनी हात पुढे करून फोन स्वतःकडे घेतला आणि आवाज मोठा केला. म्हणाल्या, मी विचारते, तुम्ही बोलू नका.

त्यांनी इस्पितळाचं नाव सांगून विचारलं की त्या प्रवासाला नेमका किती वेळ लागतो.

"दोन तास वीस," डावखुरी म्हणाली. "कागदावर दिलाय तोच."

"त्यात काही जास्तीचा धरलाय का?"

काकांनी तोंड उघडलं, पण बाईंनी बोट वर केलं.

"नाही, डॉक्टर," पलीकडून स्वच्छ आवाज आला. "आम्ही जास्तीचं काही धरत नाही. कागदावर आहे तेच खरं."

किती नीट म्हणाली! जशी शिकवली तशी. आवाजात कंप नाही, घाई नाही. हेच वाक्य काकांनी तिच्याकडून पहिल्या वर्षी घोटून घेतलं होतं. स्वतः गिऱ्हाईक बनून, वेड्यावाकड्या आवाजात खोदून खोदून विचारून, ती चाचरली की पुन्हा पहिल्यापासून. आपलेच दात नि आपलेच ओठ. त्यांनी बाईंच्या हातातून फोन अक्षरशः ओढून घेतला.

"अगं, मी बोलतोय. वैमानिकाचा कागद वाच."

"काका? तुम्ही तिथे कसे?"

"वाच आधी."

"दोन तास पाच," ती म्हणाली. मग तिला काहीतरी उमगलं असावं. "काका, कोण आहे तिथे? कुणासाठी आहे हे?"

काकांनी सांगितलं. पाच महिने जे सांगितलं नव्हतं ते तीन शब्दांत सांगून झालं. पलीकडून जे ऐकू आलं ते ऐकवेना म्हणून त्यांनी फोन बंद केला.

सर्जनबाई तोवर दुसऱ्या फोनवर होत्या. उभ्या होत्या, आणि उभं राहून बोलताना त्यांचा पाय जमिनीवर आपटत होता. ही बाई आता आपल्या बाजूने भांडते आहे, हे काकांना दिसलं. त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही. ते आकडाच पुटपुटत राहिले, तीन पन्नास, तीन पन्नास. बाईंनी दोनदा "समजलं" म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या.

"दिलं त्यांनी पुढच्याला," त्या म्हणाल्या. "सहा मिनिटं झाली. त्यांच्या पेशंटला आत घेतलंय."

हातातोंडाशी आलेलं गेलं. काका भिंतीला टेकले. कुणीतरी, कुठल्यातरी गावात, आता वाचणार होतं. त्याच्याही घरचे लोक असतील, तेही बाकावर बसून असतील. असा विचार करायला हवा, एवढं त्यांना कळत होतं. पण तसा विचार येईना. त्यांना त्या माणसाचा राग आला, आणि त्या रागाची लाज वाटली, आणि राग गेला नाही.

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी घेतला नाही. मग बाई म्हणाल्या की नाव यादीत वरच आहे, दुसरं मिळेल, आणि यापुढे तुमच्या कचेरीतून वैमानिकाचाच कागद मागवायचा हे मी आजच लिहून ठेवते. आपल्याकडे अजून तीन आठवडे तरी आहेत.

काका त्यांच्याकडे पाहत राहिले. बाईंचा चेहरा त्यांना ओळखीचा वाटू लागला. वाक्य स्वच्छ होतं, घाई नव्हती, कंप नव्हता.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हा कुठला कागद?"

"म्हणजे?"

"तीन आठवडे. हा गिऱ्हाइकाचा कागद की वैमानिकाचा?"

बाईंनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. त्यांना तो प्रश्न टाळता आला असता. असे प्रश्न टाळायची त्यांनाही कुणीतरी सवय लावलीच असणार. पण आत्ताच या माणसाने आपलं सगळं पोट त्यांच्या टेबलावर रिकामं केलं होतं.

"दहा दिवस," त्या म्हणाल्या. "त्याच्या पुढचं मी नातेवाइकांसाठी धरते."

काकांनी मान डोलवली, यंत्राचा आकडा जुळला की डोलवत तशी. आभारही मानले. मग जिने चढायला लागले. उतरताना तीन वाटलेले जिने चढताना संपेनात. दर वळणावर कठडा धरून ते उभे राहत आणि वरून येणाऱ्या लोकांना वाट करून देत. आपल्या लेकीचं इंजिन परत गेलं, आणि ते परत पाठवणारा कागद माझ्या शिकवणीचा होता, हे बायकोला कसं सांगायचं, याची त्यांनी चार वाक्यं तयार केली आणि चारही मोडली.

काकू खोलीच्या बाहेरच उभ्या होत्या. दार त्यांनी मागे ओढून घेतलं होतं. समन्वयकाने सांगितलेलं त्यांना कळलं होतं, आतल्या मुलीलाही कळलं होतं. वेणी सोडायला नर्स आली तेव्हा मुलीने "राहू दे" म्हणून हात वर केला होता, आणि भिंतीकडे तोंड करून पडली होती.

काकांनी सगळं सांगितलं. पंधरा मिनिटं कुणाची ते सांगितलं. काही झाकलं नाही. काकू ऐकत राहिल्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. काकांना वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता किती दिवस म्हणतात?" त्यांनी विचारलं.

काकांच्या तोंडात दहा होते. खरे दहा, ताजे, टेबलावरून उचलून आणलेले. दाराच्या फटीतून मुलीची वेणी उशीवर पडलेली दिसत होती. त्यांनी बायकोच्या मुठीतला पदर पाहिला.

"तीन आठवडे," ते म्हणाले.

काकूंनी नवऱ्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. धावताना ते तुटायला आलं होतं.

"त्यातले तुमचे किती?"



"अकरा," ते म्हणाले.